एक लिहा, दोनही लिहा

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याने निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि करमाड लागते. या गावात माध्यमिक शाळेवर शिकवणाऱ्या पदवीधर शिक्षकाला मतदार म्हणून दोन तऱ्हेची वागणूक मिळते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा या सगळ्या ठिकाणी त्याला यंत्रापुढे उभे करून एवढेच विचारतात की, यांच्यातला कोण? बटण दाबले, बीप वाजला, काम झाले. विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की मात्र त्याच माणसाच्या हातात लांबलचक मतपत्रिका आणि जांभळ्या शाईचा पेन येतो आणि प्रश्नही बदलतो. यांच्यातला पहिला कोण? तो नसेल तर दुसरा कोण? तोही नसेल तर तिसरा? त्याच गावातल्या, शाळा अर्ध्यावर सोडून शेती पाहणाऱ्या शेजाऱ्याला हा दुसरा प्रश्न उभ्या आयुष्यात कुणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की हा दुसरा प्रश्न पहिल्याहून शहाणा आहे, आणि तो पदवीधर, शिक्षक, आमदार अशा मोजक्यांपुरता राखून ठेवण्याला एके काळी जे कारण होते ते आता उरलेले नाही.

पहिल्या प्रश्नात खोट काय आहे, हे आपल्याच भागातले आकडे सांगतात. २०१९ साली औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मते मिळाली, चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५० आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना २,८३,७९८. जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. झालेल्या मतदानातला त्यांचा वाटा एक तृतीयांशाहूनही थोडा कमी होता. करमाड ज्या जालना मतदारसंघात येते तिथे २०२४ साली कल्याण काळे यांनी ६,०७,८९७ मते घेऊन रावसाहेब दानवे यांचा १,०९,९५८ मतांनी पराभव केला. अपक्ष मंगेश साबळे यांना १,५५,९३० मते पडली. या दोन्ही निकालांत कोणी निवडून यायला हवे होते, हा इथे मुद्दाच नाही. नियमाप्रमाणे ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी, आणि तसेच झाले. मुद्दा आहे तो जाधवांच्या पावणेतीन लाखांवर आणि साबळेंच्या दीड लाखावर मतदारांचा. उरलेल्या दोघांपैकी त्यांना कोण चालला असता? त्यांच्या मनात याचे उत्तर नक्की होते, पण यंत्राने ते विचारले नाही. मग निकालानंतर आठवडाभर चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्राच्या अग्रलेखापर्यंत सगळे जण ते उत्तर अंदाजाने सांगत राहिले.

आपल्या निवडणुकीच्या बोलीकडे नुसते कान दिले तरी हा दोष ऐकू येतो. अमक्याने तमक्याची मते खाल्ली. मत वाया घालवू नका. त्याला निवडून यायचे नाही, याला पाडायला उभा केलाय. बंडोबा थंड झाले. मतविभाजन, पाडापाडी, डमी उमेदवार हे शब्द मराठीत आले ते एका बटणाच्या निवडणुकीतून. जिथे मतदाराला एकच निवड सांगता येते, तिथे तिसऱ्या माणसाचे उभे राहणे हा आपोआप अपराध ठरतो, आणि अर्ज मागे घेण्याच्या आदल्या रात्री गावोगाव मनधरणी चालते, भावकीचे दडपण येते, पैशाची बोलणी होतात. मतदार तरी काय करतो? जो मनापासून आवडतो त्याला टाळून, नको असलेला येऊ नये म्हणून त्याच्या खालोखालच्या नावावर बटण दाबतो. अशा मतांची बेरीज करून आपण तिला लोकांचा कौल म्हणतो.

पसंतीक्रमाची रीत या गाठीवर बोट ठेवते. औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघ घ्या. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून जागा एकच. मतपत्रिकेवर ज्या उमेदवाराला पहिली पसंती त्याच्या नावापुढे १ हा आकडा लिहायचा. तो लिहिलाच पाहिजे. दोघांपुढे १ लिहिला किंवा कुणापुढेच लिहिला नाही, तर मत अवैध. त्यापुढे २, ३, ४ लिहिणे ऐच्छिक आहे. आकडा मराठी, इंग्रजी किंवा रोमन चालतो. अक्षरात लिहिलेला 'एक' चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही, सहीही चालत नाही. मोजताना आधी सर्वांच्या पहिल्या पसंतीच्या मतांची छाननी होते. एकूण वैध मतांना दोनाने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा, हा झाला कोटा. पन्नास हजार वैध मते असतील तर कोटा २५,००१. सरळ अर्थ एवढाच की निम्म्यापेक्षा जास्त. कारण निम्म्याहून जास्त मते एकाच वेळी दोघांकडे असूच शकत नाहीत. कुणी पहिल्याच मोजणीत कोटा गाठला तर निकाल लागला. २०२० च्या डिसेंबरात सतीश चव्हाण यांना १,१६,६३८ आणि शिरीष बोराळकर यांना ५८,७४३ मते पडली, आणि काम पहिल्या पसंतीतच संपले. कोटा कुणालाच गाठता आला नाही तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो. त्याच्या गठ्ठ्यातल्या मतपत्रिका पुन्हा उघडतात आणि प्रत्येकीवर २ कुणापुढे आहे ते पाहून ते मत त्याच्याकडे सरकते. मग पुन्हा सर्वांत खालचा बाद. कुणी कोटा गाठेपर्यंत किंवा मैदानात एकच उमेदवार उरेपर्यंत हे चालते. औरंगाबाद विभागाच्याच शिक्षक मतदारसंघात २०२३ मध्ये असेच झाले. विक्रम काळे पहिल्या पसंतीत पुढे होते, पण कोटा भरला नाही. खालून एकेक उमेदवार बाद होत गेला आणि मग त्यांचा विजय जाहीर झाला.

इथे एका गैरसमजाचा हिशेब केला पाहिजे, कारण तो पदवीधरांतही पक्का रुजलेला आहे. प्रचारात सर्रास सांगतात, 'फक्त एक लिहा, दोन लिहाल तर आपल्या माणसाचे नुकसान होईल.' एका जागेच्या निवडणुकीत तसे होणे शक्यच नाही. तुमचा १ ज्याच्यापुढे आहे तो मैदानात असेपर्यंत तुमच्या २ कडे मोजणारा ढुंकूनही पाहत नाही. तो बाद झाला तरच २ उघडतो, आणि तेव्हा त्याला मदत करण्यासारखे किंवा त्याचे बिघडवण्यासारखे काही राहिलेलेच नसते. म्हणजे दुसरी पसंती ही पहिलीची सवत नव्हे, वारस आहे. जो फक्त १ लिहून थांबतो त्याची मतपत्रिका, त्याचा उमेदवार बाद झाल्यावर, मोजणीतून उठून जाते. उरलेल्या दोघातिघांत कोण बरा, या निर्णायक प्रश्नाला त्याने गैरहजेरी लावलेली असते. उमेदवारांना हा सल्ला का सोयीचा वाटतो ते कळते, पण मतदाराने तो मानण्यात त्याचा स्वतःचा फायदा काही नाही.

'मग बाद झालेल्याच्या मतदारांना दोनदा मत मिळाले की!' हा आक्षेप लगेच येतो. तो ऐकायला बिनतोड वाटतो, पण मोजणीची प्रत्येक फेरी ही नवी निवडणूक समजून पाहा. प्रत्येक फेरीत प्रत्येक जिवंत मतपत्रिका एकदाच मोजली जाते. ज्याचा उमेदवार अजून उभा आहे त्याचे मत त्याच उमेदवाराला पुन्हा पडते, ज्याचा गेला त्याचे दुसऱ्याला. याचे उत्तम उदाहरण १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आहे, आणि त्याच्या मधोमध एक मराठी माणूस आहे. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या लढतीत तिसरे नाव होते चिंतामणराव देशमुखांचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. कोटा होता ४,१८,१६९. तो कुणालाच गाठता आला नाही. किरकोळ उमेदवार आणि शेवटी देशमुख बाद झाल्यावर रेड्डींच्या पारड्यात जवळपास ९२ हजारांची भर पडली आणि गिरींच्या जेमतेम साडेअठरा हजारांची. तरीही शेवटी गिरी ४,२०,०७७ वर पोचून निवडून आले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. देशमुख उभे राहिल्यामुळे रेड्डींची मते 'खाल्ली' गेली असे कुणाला म्हणता आले नाही. जी परत यायची ती परत आली, आणि तरीही अपुरी पडली. एका बटणाच्या निवडणुकीत देशमुखांच्या उभे राहण्यावर पन्नास वर्षे वाद चालला असता. दुसऱ्या पसंतीपर्यंत गेलेली राष्ट्रपतिपदाची निवडणूक आजवर ही एकच.

जागा एकापेक्षा जास्त असल्या की याच रीतीला दुसरे एक चाक जोडले जाते आणि तिथेच लोक गोंधळतात. १० जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीचा निकाल आठवून पाहा. महाराष्ट्रातून सहा जागा, सात उमेदवार. पहिल्या पसंतीची मते अशी पडली: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. निवडून आले महाडिक, पडले पवार. २७ मतांनी ३३ मतांना हरवले कसे, म्हणून त्या पहाटे पुष्कळांनी कपाळाला हात लावला. पण यात चमत्कार काही नव्हता. वैध मते होती २८४. प्रत्येक मताचे १०० गुण धरतात, म्हणजे अपूर्णांकांचा त्रास कमी होतो. २८,४०० ला सहा अधिक एक, म्हणजे सातने भागले आणि एक मिळवला की कोटा येतो ४,०५८. सातने का? तर एकूण मतांच्या सातव्या हिश्श्याहून जास्त मते एकाच वेळी सात जणांकडे असू शकत नाहीत, फार तर सहा जणांकडे. गोयलांकडे ४,८०० गुण, म्हणजे गरजेपेक्षा ७४२ जास्त. हे जास्तीचे गुण ते घरी नेत नाहीत. त्यांच्या ४८ मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे ते वाटले जातात, प्रत्येक मतपत्रिकेमागे १५ गुण. बोंडेंचेही तसेच. या सगळ्या पुढच्या पसंती महाडिकांच्या धरल्या तर २,७०० मध्ये ७२० आणि पुन्हा ७२० मिळून ४,१४० होतात. कोटा ओलांडला.

याला चलाखी म्हणणाऱ्यांनी एक बेरीज करून पाहावी. भाजपच्या तिघांना (गोयल, बोंडे, महाडिक) मिळून पहिल्या पसंतीची १२३ मते होती. तीन जागांसाठी लागत होती १२१.७४. महाविकास आघाडीच्या उरलेल्या चौघांना मिळून १६१ होती. चार जागांसाठी लागत होती १६२.३२. म्हणजे एका गटाकडे तीन जागांइतके बळ होते आणि दुसऱ्याकडे चारला सव्वा मत कमी. निकाल लागला तीन आणि तीन. मते कुणी कशी मिळवली, अपक्ष कुठे झुकले, हे राजकारण वेगळे आणि त्यावर बोलायला पुष्कळ आहे. मोजणीने मात्र जेवढे बळ तेवढ्या जागा, हा हिशेब चोख केला. संख्येला धरून प्रतिनिधित्व, हा या रीतीचा मूळ हेतूच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे आणि इंग्लंडमध्ये थॉमस हेअर यांनी ती स्वतंत्रपणे मांडली तेव्हापासून. एकाच जागेच्या निवडणुकीला मात्र आपल्या राज्यघटनेचे कलम १७१ हेच भारदस्त नाव लावते, 'एकल संक्रमणीय मताद्वारे प्रमाणशीर प्रतिनिधित्व'. एका जागेत प्रमाण कसले आले आहे? तिथे ती फक्त बहुमताची खात्री करते. नावाच्या या वजनानेही पुष्कळ मतदार बिचकत असावेत.

ही रीत सर्वांना का नाही, याचे उत्तर शोधायला संविधान सभेत जावे लागते. तिथे एक विलक्षण योग दिसतो. खुद्द संविधान सभेचे बहुतेक सदस्य प्रांतिक कायदेमंडळांतून याच पद्धतीने निवडले गेले होते. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वाट नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठबळावर ते बंगालमधून निवडून आले. थोड्या पण पक्क्या मतांना एक जागा हमखास मिळवून देणारी ही पद्धत नसती, बहुमताने सगळ्या जागा पटकावण्याची असती, तर हे घडणे अवघड होते. आणि तरीही जानेवारी १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत आंबेडकरच होते. त्यांची दोन कारणे होती. एक, या पद्धतीला मतदाराला निदान आकडे ओळखता आणि लिहिता यायला हवेत, आणि देशात तेवढी साक्षरता नाही. दुसरे, सभागृहाचे असंख्य तुकडे होऊन सरकार स्थिर राहणार नाही. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास निघाली. त्या काळात पहिले कारण खोडून काढणे कुणालाही शक्य नव्हते.

आज ते कारण कसे टिकते ते पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली होती. आणि आकडे तर साक्षरतेच्याही आधी येतात. मोंढ्यात मालाचा भाव करणाऱ्या, फोनवर नंबर दाबणाऱ्या माणसाला १, २, ३ ची ओळख करून द्यावी लागत नाही. उलट पुरावा तर असा की चुका शिकलेलेच करतात. २०२० च्या औरंगाबाद पदवीधर निवडणुकीत तेवीस हजारांवर मते अवैध ठरली, जवळपास दहांत एक. हे सगळे पदवीधर होते! त्यांना आकडे येत नव्हते असे नाही. सहा वर्षांतून एकदा येणारा हा कागद कसा भरायचा याची सवय नव्हती. सवय नसलेल्या हाताने बरोबरची खूण केली, कुणी नावच लिहिले. म्हणजे अडचण पदवीची नाही, सरावाची आहे, आणि सराव हा जास्त वेळा केल्यानेच होतो. पापुआ न्यू गिनीसारख्या, शेकडो भाषा बोलणाऱ्या आणि साक्षरतेत आपल्याहून मागे असलेल्या देशाने २००२ मध्ये कायदा करून तीनच पसंती लिहिण्याची सुटसुटीत पद्धत घेतली आणि २००७ ची सार्वत्रिक निवडणूक तिच्यावर पार पाडली. त्यांच्या निवडणुकांत हिंसा, गैरप्रकार आहेतच, ते लपवायचे कारण नाही. पण डोंगरातल्या माणसाला तीन पसंती सांगता येत नाहीत, असे काही सिद्ध झाले नाही. आयर्लंडचे शेतकरी शंभर वर्षे आकडे लिहून मत देत आले आहेत आणि ऑस्ट्रेलियाने १९१८ पासून ही रीत सोडलेली नाही.

आंबेडकरांचे दुसरे कारण, सरकारच्या स्थैर्याचे, आजही वजनदार आहे. म्हणूनच लोकसभेपासून सुरुवात करा असे मी म्हणत नाही. ते कारण लागू होते ते अनेक जागांच्या प्रमाणशीर पद्धतीला. एका जागेवर एक माणूस निवडताना पसंती विचारली तर तुकडे होण्याचा प्रश्न येत नाही, उलट विजेत्यामागे बहुमत उभे राहते. आणि असे एकाच जागेचे, सहासात उमेदवारांचे, पाचपन्नास मतांनी लागणारे पद आपल्याकडे गावोगाव आहे: थेट जनतेतून निवडला जाणारा सरपंच. ही थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. गावपातळीवरच्या पंचायतीचा प्रमुख कोणत्या रीतीने निवडायचा हे राज्यघटनेने राज्याच्या विधिमंडळावर सोडले आहे. पाच वर्षांत तीनदा कायदा फिरवता येतो, तर चौथ्यांदा तो पसंतीक्रमाकडे फिरवायला घटनादुरुस्ती लागत नाही.

'मोजायला किती वेळ लागेल?' हा आक्षेप प्रामाणिक आहे. २०२३ च्या अमरावती पदवीधर निवडणुकीची मोजणी दिवस उलटून गेला तरी चालू होती. शेवटी धीरज लिंगाडे ४६,३४४ विरुद्ध डॉ. रणजीत पाटील ४२,९६२ असा निकाल लागला, आणि अवैध मते आठ हजारांवर, म्हणजे आघाडीच्या दुपटीहून जास्त. पण ती लाखभर मतपत्रिका, पाच जिल्हे आणि मोठी उमेदवार यादी अशी मोजणी होती. गावाच्या सरपंचपदाची मते काही हजार असतात आणि उमेदवार बोटांवर मोजण्याइतके. तहसीलच्या ठिकाणी एका टेबलावर चार फेऱ्या झाल्या तरी दुपार उलटत नाही. आजची यंत्रे एकच बटण ओळखतात, त्यामुळे सरपंचापुरता कागद परत आणावा लागेल हे खरे. कागदावर शिक्के मारून आपण अनेक दशके निवडणुका केल्या आहेत, आणि विधान परिषदेच्या आजही कागदावरच करतो.

मला सर्वांत गंभीर वाटणारा आक्षेप वेगळाच आहे आणि तो क्वचितच कुणी घेते. पसंतीक्रम ही मतदाराची ओळख पटवणारी खूण होऊ शकते. पस्तीस उमेदवार असले तर पसंतीचे क्रम इतक्या तऱ्हांनी लावता येतात की प्रत्येक विकत घेतलेल्या मताला वेगळा क्रम ठरवून देता येईल आणि मोजणीच्या टेबलावर बसलेला प्रतिनिधी तो क्रम दिसला की समजेल, माल पोचला. आमदारांच्या निवडणुकीत कोण फुटले हे शोधायला पक्ष वेगवेगळ्या आमदारांना वेगवेगळा क्रम देतात, ही राजकारणात उघड गुपिताची गोष्ट आहे. गावात, जिथे पाचशे रुपयांचे पाकीट आणि कुलदैवताची शपथ दोन्ही फिरतात, तिथे याची भीती दुपटीने. यावर उतारा पापुआ न्यू गिनीच्या नियमातच सापडतो: पसंती तीनच ठेवा. सहा उमेदवारांत पहिला ठरलेला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्याचे क्रम वीसच होतात. हजार मतपत्रिकांच्या ढिगात तोच क्रम अनेकांनी लिहिलेला असतो आणि कुणाचा कोणता हे कळायला मार्ग राहत नाही. धोका शून्य होत नाही, पण आजच्याहून फारसा वाढत नाही.

ही रीत सर्व दुखण्यांवरचे औषध आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात २००९ मध्ये महापौर निवडताना पसंतीक्रम वापरला. उरलेल्या प्रत्येकाशी समोरासमोर जिंकला असता असा अँडी माँट्रोल हा उमेदवार पहिल्या पसंतीची मते कमी म्हणून आधीच बाद झाला आणि बॉब किस निवडून आले. मध्यममार्गी, सर्वांना चालणारा पण थोड्यांनाच पहिला वाटणारा माणूस या गाळणीतून निसटू शकतो. गणितज्ञांनी दाखवून दिले आहे की दोनापेक्षा जास्त उमेदवार असले की सर्वच निकषांवर निर्दोष अशी पद्धत अस्तित्वात नाही. तेव्हा निवड दोषी आणि निर्दोष यांच्यातली नाही, जास्त आणि कमी दोषाची आहे. जातीवर मत देणारा पसंतीक्रमातही आधी आपल्याच जातीचा १ लिहील. मात्र त्याला २ लिहिताना शेजारच्या आळीकडे पाहावे लागेल, आणि त्या २ साठी उमेदवारालाही आपली आळी सोडून दुसऱ्या आळीत जाऊन हात जोडावे लागतील. एका बटणाच्या निवडणुकीत जी दारे त्याने आधीच वगळलेली असतात, ती ठोठवायला त्याला एक कारण मिळते.

सरपंचपदाचे पुढचे पुढे. औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघात २०२० मध्ये भरलेल्या जागेची सहा वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. पदवी मिळून तीन वर्षे झाली असतील तर नमुना क्रमांक १८ चा अर्ज भरावा लागतो; शिक्षकांसाठीचा नमुना वेगळा, क्रमांक १९. केंद्रावर गेल्यावर तिथे दिलेलाच जांभळा पेन वापरा, खिशातला नको. बरोबरची खूण करू नका, सही करू नका. आणि आपल्या माणसापुढे १ लिहून झाला की पेन लगेच खाली ठेवू नका.